रिबॉण्डिंगकडून परत कुरळ्या केसांकडे: वाढ, सांधा आणि कात्री

रिबॉण्डिंग केलेला, म्हणजे रसायन आणि इस्त्रीने कायमचा सरळ केलेला केस परत कुरळा होत नाही. तेलाने नाही, हेअर स्पाने नाही, ‘कर्ल परत आणणाऱ्या’ क्रीमने तर नाहीच. ही एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितली असती तर बाथरूमच्या फळीवर बाटल्यांची जत्रा भरली नसती. कुरळा येतो तो मुळाशी नव्याने उगवणारा केस. जुना सरळ भाग कधी ना कधी कापूनच जातो. बाकी सगळा खटाटोप आहे तो डोक्यावर एकाच वेळी दोन जातींचे केस असताना मधले दिवस कसे काढायचे, याचा.

माझे हे मधले दिवस एकोणीस महिने चालले. त्याआधी सात वर्षं मी दर आठ-दहा महिन्यांनी मुळांचं टच-अप, म्हणजे नव्याने उगवलेला भाग पुन्हा सरळ, करून घेत होते. त्यामुळे खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः करून पाहिलेल्या आहेत.

आधी ओळखा: तुमच्या केसांवर नेमकं काय झालंय?

पार्लरमध्ये स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, रिबॉण्डिंग, केराटिन, बोटॉक्स ही नावं भाजीच्या भावासारखी बदलत असतात. नावावर जाऊ नका, प्रक्रिया आठवा.

एक क्रीम लावलं, अमोनियाचा नाक झोंबणारा वास आला, केस धुऊन वाळवले, एकेक पातळ बट घेऊन इस्त्री फिरवली, मग दुसरं द्रावण लावलं आणि शेवटी ‘तीन दिवस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागेसुद्धा घ्यायचे नाहीत’ अशी तंबी मिळाली? मग ते रिबॉण्डिंग किंवा त्याचीच सौम्य बहीण स्मूदनिंग. केसाचा आकार ठरवण्यात केराटिन प्रथिनाच्या साखळ्यांमधले गंधकाचे बंध महत्त्वाचे असतात. पहिलं क्रीम, बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेटचं (थोडक्यात ‘थायो’), हे बंध तोडतं. इस्त्री केसाला सरळ आकार देते. दुसऱ्या द्रावणातलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच सरळ अवस्थेत बंध पुन्हा जोडतं. हा बदल कायमचा असतो.

केराटिन किंवा बोटॉक्स म्हणून जे करतात त्यात साधारणपणे बंध तोडत नाहीत. केसावर थर चढवून तो इस्त्रीने पक्का करतात आणि तीन ते पाच महिन्यांत तो धुपत जातो. तुमचं प्रकरण हे असेल तर कात्री लगेच उचलू नका, वाट पाहा. खात्री करायची तर केस दोनदा शॅम्पूने धुवा, कंगवा न लावता नुसते वाळू द्या आणि मधल्या लांबीत बाक येतो का पाहा. आला तर थर उतरतोय. महिनोन्‌महिने काडीसारखेच सरळ राहिले तर ते रिबॉण्डिंगच होतं, पावतीवर काहीही लिहिलेलं असो.

या थराच्या उपचारांबद्दल एक सांगायलाच हवं. त्यांतल्या अनेकांमधून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, आणि कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, तो माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेला आहे. तुमच्याइतकाच, किंबहुना जास्त, तो पार्लरमध्ये रोज उभ्या असणाऱ्या मुलीच्या नाकात जातो. अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या सुमारे अकरा वर्षांच्या माहितीवरून २०२२ साली एक अभ्यास आला. केस सरळ करणारी रसायनं वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं: सत्तरीपर्यंत अंदाजे ४.०५ टक्के, तर न वापरणाऱ्यांमध्ये १.६४ टक्के. हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे. घाबरून जायचं कारण नाही, पण ‘नुसतं सौंदर्यासाठीच तर आहे’ म्हणून झटकूनही टाकू नये.

व्हिडिओ पाहताना एक भान

‘ट्रान्झिशन’ (हळूहळू मूळ केसांकडे परतणं), ‘बिग चॉप’ (सरळ भाग एकदम कापणं) हे शब्द आपल्याकडे आले ते कृष्णवर्णीय स्त्रियांकडून. पिढ्यान्‌पिढ्या रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारं क्रीम, वापरल्यावर त्यांनी ही वाट शोधली, आणि आज जे काही शिकायला मिळतं त्याचं बरंचसं श्रेय त्यांचं आहे. पण त्यांचा रिलॅक्सर सहसा हायड्रॉक्साइडचा, पीएच १२ ते १४, म्हणजे आपल्या थायोपेक्षा कितीतरी जहाल. आणि त्यांच्या केसांची वळणं आपल्यापेक्षा खूप घट्ट. त्यांना लागणारं शिया बटर माझ्या लाटेदार केसांवर चोपडलं तेव्हा मी दोन दिवस वडे तळून आल्यासारखी दिसत होते. युक्त्या त्यांच्याकडून घ्या, प्रमाण आपलं ठेवा.

आणखी एक धोक्याची गोष्ट: थायो केलेल्या केसावर हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर कधीही लावू नका, किंवा उलटंही. दोन्ही एकमेकांशी जमत नाहीत आणि केस तुटून हातात येतात.

वाढीचा हिशेब

डोक्यावरचा केस महिन्याला सरासरी एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. वर्षाला १२ ते १५. यापेक्षा जास्त वाढवून देतो म्हणणाऱ्या तेलाचे पैसे वाचवा. आता टच-अपची शेवटची तारीख आठवा आणि हिशेब करा. आठ महिने झाले असतील तर मुळाशी ८ ते १० सेंटीमीटर खरा केस आहे. मात्र कुरळा केस वाळला की आखडतो. ताणून १० भरणारा केस वळणांच्या घट्टपणानुसार दिसायला सहा-सातच दिसेल. हनुवटीपर्यंत रुळणारे कुरळे केस हवे असतील तर दीड वर्ष धरून चाला. खांद्याखाली हवे असतील तर तीन.

सुरुवातीला येणारं वळण पाहून निराश होऊ नका. खालच्या लांब सरळ केसाचं वजन त्याला ओढून धरतं, त्यामुळे चौथ्या-पाचव्या महिन्यात ते ‘कुरळंही नाही, सरळही नाही’ असं दिसतं. आणि शाळेतल्या फोटोतलं वळण तसंच परत येईल असंही नाही. वय, बाळंतपण, हार्मोन्स यांनी केसाची जात बदलते. माझ्या तेव्हाच्या स्प्रिंगा आता मोठ्या लाटा झाल्या आहेत.

एकदम की हळूहळू?

एकदम कापणं सर्वांत स्वस्त आणि केसांच्या दृष्टीने सर्वांत चांगलं. पाच-सहा सेंटीमीटर खरा केस आला की सगळा सरळ भाग उडवायचा, विषय संपला. ज्यांना आखूड केस शोभतात, किंवा शोभतात की नाही याची पर्वा नाही, त्यांनी हेच करावं. मला धीर झाला नाही. ऑफिसपेक्षा आईच्या चेहऱ्याची भीती जास्त होती.

हळूहळू करायचं तर दर दोन महिन्यांनी दोन-तीन सेंटीमीटर कापत जायचं. महिन्याला एक उगवतो, दीड जातो, म्हणून लांबी फार घटल्यासारखी वाटत नाही आणि सरळ भाग मात्र संपत येतो. बहुतेकींचा संयम दहाव्या-बाराव्या महिन्याच्या आसपास सुटतो आणि मग उरलेलं एकदम कापलं जातं. तेही ठीकच.

सांधा

इथे खरं कसब लागतं. एका केसावर वरचा भाग कुरळा, खालचा सरळ, आणि मध्ये दोघांची गाठ पडते तो बिंदू. मी त्याला सांधा म्हणते. ओला केस चिमटीत धरून वरून खाली बोटं सरकवली की सांधा हाताला कळतो: वर खडबडीत, नागमोडी, मग अचानक गुळगुळीत. केस सर्वांत जास्त तुटतो तो याच ठिकाणी, कारण रसायनाने पोकळ झालेला भाग इथे सुरू होतो आणि विंचरताना सगळा ताण इथेच येतो.

म्हणून कोरडे केस विंचरणं बंद. पूर्ण बंद. मी असं करते: न्हाताना कंडिशनर भरपूर लावून केस गुळगुळीत झाले की डोक्याचे चार भाग करून तीन भाग चापांनी वर अडकवते. चौथ्यात आधी फक्त बोटं. गुंता बहुतेक वेळा सांध्याच्या जरा खाली असतो. त्याच्या वर केस मुठीत घट्ट पकडायचे, म्हणजे ओढ मुळापर्यंत आणि सांध्यापर्यंत पोचत नाही, आणि मग रुंद दातांचा कंगवा शेंड्यापासून सुरू करून बोटभर बोटभर वर सरकायचं. आजी फणीने एका झटक्यात वरून खाली विंचरायची तसं केलं तर ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज येतो. तो आवाज सांधे तुटल्याचा.

कंगव्यात आलेले केस फेकण्याआधी एकदा पाहा. टोकाला पांढरा बारीक कंद असेल तर तो केस आपल्या वेळेने गळलेला आहे. दिवसाला पन्नास ते शंभर गळणं नेहमीचं, आणि आठवड्यातून दोनदाच विंचरलं तर सगळे एकदम दिसतात म्हणून धडकी भरते. कंद नसलेले आखूड तुकडे असतील तर केस तुटतोय, म्हणजे विंचरण्यात किंवा ओलाव्यात काही चुकतंय. भांग रुंदावला, टाळूवर गोल चट्टा पडला किंवा गळणं महिनोन्‌महिने थांबेना, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तिथे हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासायला सांगतील, आणि ते कुठल्याही जेलपेक्षा जास्त कामाचं असतं.

न्हाणं

आठवड्यातून दोनदा पुरे. न्हाण्याच्या आधी दोन-तीन तास, किंवा आदल्या रात्री, सांध्यापासून शेंड्यापर्यंत खोबरेल तेल. हा आजीचा हट्ट विज्ञानाच्या कसोटीलाही उतरला आहे: मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेत आरती रेळे आणि मोहिले यांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली आणि २००३ साली ती प्रसिद्ध झाली. न्हाण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसातलं प्रथिन वाहून जाणं लक्षणीय कमी केलं ते फक्त खोबरेलाने. कंपनी खोबरेल तेल विकणारीच आहे हे लक्षात ठेवूनही त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. तेल वाटीभर ओतायची गरज नाही, दोन चमचे खूप झाले.

शॅम्पू सौम्य, आणि फक्त टाळूला. फेस खाली उतरताना उरलेले केस धुतले जातात. शिकेकाई वापरायची असेल तर शेंगा उकळून गाळलेलं पाणी घ्या. बाजारच्या पुडीतला भुगा वळणांत अडकतो आणि दोन दिवस खांद्यावर पडत राहतो. रिठा मला तरी फार कोरडा वाटला. कंडिशनर मात्र प्रत्येक वेळी आणि हात आखडता न घेता, कारण रिबॉण्डिंगचा भाग पाणी पटकन शोषतो आणि तितक्याच पटकन सोडतो. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या, फरक हाताला लागतो.

टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. जुना सुती पंचा किंवा विरलेला टी-शर्ट घ्या, डोकं पुढे झुकवून केस त्यात झेला आणि नुसते दाबा.

दोन जाती एकसारख्या दिसाव्यात म्हणून

सरळ भाग कुरळा होत नाही, पण दोन-तीन दिवस तसं सोंग घेऊ शकतो. केस ऐंशी टक्के वाळले की जेल लावून चार ते सहा सैल वेण्या घाला. वेणी सांध्याच्या वरूनच सुरू करा आणि शेंडे बोटभर छोट्या रोलरवर किंवा कापडाच्या चिंधीवर गुंडाळा, नाहीतर वेणी संपते तिथे झाडूसारखं टोक उरतं. सकाळी केस पूर्ण वाळल्याशिवाय सोडायचे नाहीत. जरा ओलसर असताना सोडले की तासाभरात सगळं मुसळ केरात.

जेलसाठी जवस. चार मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मध्यम आचेवर ढवळत ठेवायचे. आठ-दहा मिनिटांत पाणी दाटतं. चमच्यावरून तार सुटायला लागली, एकतारी पाकाच्या जरा अलीकडे, की लगेच गॅस बंद, कारण थंड होताना ते आणखी आळतं. गरम असतानाच जुन्या पातळ ओढणीतून गाळा. गार झाल्यावर गाळायला गेलात तर मिश्रण ओढणीला सोडत नाही आणि मनगट दुखून येतं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, आंबूस वास आला की फेकून द्या. उरलेले जवस मी एकदा थालिपिठाच्या पिठात मळले, घरात कोणाला कळलं नाही.

पावसाळ्यात मुंबई-कोकण-गोव्याकडे ग्लिसरीन जास्त असलेली विकतची जेल केस फुगवतात, ती टाळा. नागपूरच्या मे महिन्यात उलट प्रश्न: तिथे जेलच्या आधी थोडं कंडिशनर ओल्या केसात तसंच राहू द्यावं लागतं.

कापायला जाताना

खर्च करायचाच तर इथे करा. कुरळे केस कापता येणारी बाई किंवा माणूस शोधा, आणि जाताना केस जेल वगैरे काही न लावता, वळणं दिसतील असे वाळवून जा. खुर्चीत बसण्याआधी सांगा: ब्लो-ड्राय करून सरळ करून कापायचं नाही, ओल्या केसांवर लांबी ठरवायची नाही. ओला केस लांब दिसतो, वाळल्यावर तो दोन-तीन इंच वर जातो आणि मग रडून उपयोग नसतो. माझ्या दुसऱ्या खेपेला अगदी हेच झालं. पुढच्या बटा भुवयांपर्यंत आल्या आणि दीड महिना मी हेअरबँड लावून फिरले.

‘मॅडम, किती फ्रिझी झालेत, रूट टच-अप करून घ्या ना’ हे वाक्य प्रत्येक वेळी ऐकायला मिळेल. हसून ‘वाढवतेय’ म्हणायचं. जास्त बोलायला गेलात तर पॅकेजची माहिती ऐकावी लागते.

घर, लग्न आणि हेल्मेट

पाचवा ते नववा महिना सर्वांत कठीण. ‘काय गं, विंचरलं नाहीस का आज?’ असं आई रोज विचारायची. ‘विंचरलं की गं’ म्हटलं की ‘मग या झिंज्या कशाला सोडल्यास?’ या महिन्यांसाठी अंबाडा हा उत्तम मित्र, पण सैल, आणि रोज एकाच जागी नको. कानशिलांवर ओढ बसेल इतकी घट्ट पोनी रोज घातली तर तिथले केस विरळ होतात.

घरात लग्न निघालं की इस्त्रीचा मोह होतोच. एका दिवसाच्या इस्त्रीने नवा केसही भाजून त्याचं वळण जाऊ शकतं आणि ते परत येत नाही. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात मी पुढून दोन बारीक वेण्या मागे नेऊन खाली अंबाडा घातला आणि त्याभोवती गजरा माळला. सांधा कुठे आहे ते कुणाला दिसलंही नाही.

स्कूटीवाल्यांसाठी: सुती स्कार्फ केसांवर घासतो आणि त्यावर हेल्मेट दाबून बसतं. ब्लाउजच्या अस्तराचं साटीन शिंप्याकडून आणा. त्यातून स्कार्फच्या आत घालायची टोपी आणि उशीचा अभ्रा, दोन्ही होतात. केस वाळल्याशिवाय हेल्मेट घालू नका.

हे करू नका

मेंदी: शुद्ध मेंदीचा रंग केसाला चिकटतो, केस जड होतो आणि वळण सैल पडतं. ‘काळी मेंदी’ तर मेंदीच नव्हे, त्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं आणि काहींना त्याची भयंकर ॲलर्जी येते. अंडं आणि दही केसांना ‘प्रोटीन’ देत नाहीत, त्यातले रेणू आत शिरण्याइतके लहान नसतात. ते खा. आणि केसांच्या ‘प्रकारा’चे आकडे-अक्षरं (२ए, ३बी वगैरे) शोधत बसू नका. अर्ध्या डोक्याचं उत्तर वेगळं येतं.

शेवटची कात्री लागल्यावरही एकदा तपासा. मानेवर, केसांच्या अगदी आतल्या थरात, एखादी सरळ बट हमखास राहून गेलेली असते, कारण तिथपर्यंत कापणाऱ्याचा हात आणि आपली नजर दोन्ही पोचत नाहीत. न्हाऊन आल्यावर मान खाली घालून, केस पुढे घेऊन, मागून कोणाला तरी पाहायला सांगा. माझी ती बट आईने शोधली. ‘ही बघ, अजून एक शहाणी सरळ राहिलीय,’ म्हणाली, आणि शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन आली.